कडकनाथ की असील? शुद्ध जात राखायची असेल तर

घरच्या खुराड्यात कोंबड्यांची शुद्ध जात राखायची, रंगाची निवड करायची आणि पिल्लं विकायची, असं मनात असेल तर आपल्या सांगली-साताऱ्याकडे बहुतेक दोन नावं पुढे येतात: कडकनाथ आणि असील. दोन्ही देशी, दोन्ही काटक. पण शुद्धता पारखायची रीत दोघांची अगदी वेगळी आहे, आणि निर्णय त्यावरच घ्यावा असं मला ठामपणे वाटतं.

कडकनाथ मूळचा मध्य प्रदेशातल्या झाबुआ-धार भागातला. झाबुआच्या कडकनाथला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पिसांवरून तीन प्रकार: कुळकुळीत काळा, पेन्सिल (काळ्यावर पांढरट रेघांचा) आणि सोनेरी. कातडी, मांस, जीभ काळी; अंडं मात्र फिकट तपकिरी. काळं अंडं दाखवणाऱ्याच्या दारातून तसंच परत फिरा.

खरी अडचण ही, की काळेपणाचा गुण प्रभावी आहे, संकरातही उतरतो. त्याला अडवणारा गुण लिंगाशी जोडलेला, म्हणजे आईकडून फक्त नर पिल्लांत उतरणारा; पिवळ्या पायांच्या कोंबडीत तो असतो. त्यामुळे कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायांच्या कोंबडीवर सोडला, तर नर पिल्लं उजळ होतात आणि तलंगा (मादी पिल्लं) मात्र बापासारख्या काळ्या निघतात. म्हणजे बाजारात हातात घेतलेली काळीभोर तलंग निम्मीच कडकनाथ असू शकते. म्हणून तिचे भाऊ बघायला मागा. पंखाखालची पिसं फुंकर मारून बाजूला करा, कातडी आणि पायाच्या नळ्या बघा. आई काळ्या पायांची गावरान असेल तर भाऊही काळेच निघतात. तेव्हा भेसळ उघडी पडते ती पुढच्या पिढीत, चार पिल्लांमागे एखादं उजळ निघतं तेव्हा. २०१९ मध्ये इस्लामपूरकडच्या कडकनाथ योजनेत कित्येक शेतकरी बुडाले, ते परतखरेदीच्या आश्वासनांपायी. पक्ष्याचा त्यात काही दोष नव्हता.

असीलचं उलटं. रंगावरून काहीच सिद्ध होत नाही: पीला सोनेरी-तांबडा, याकूब काळा-तांबडा, नूरी पांढरा, कागर काळा, आणि सगळे असीलच. पारखायची ती अंगलोट, म्हणजे शरीराची ठेवण. लांब ताठ मान, रुंद छाती, अंगाला घट्ट बसलेली तोकडी पिसं, छातीच्या हाडावर उघडी कातडी, गळ्याखालची लोळी जवळजवळ नाहीच, आणि डोक्याला चिकटलेला तीन बुटक्या ओळींचा तुरा. हा तुराही प्रभावी गुण, संकरात दिसतोच. पण एकेरी उभ्या तुऱ्याचं एक जरी पिल्लू निघालं, तरी आई-बाप दोघांतही मिसळ आहे हे नक्की, कारण एकेरी तुरा दोघांकडून आला तरच दिसतो. रंग आवडला म्हणून कच्च्या अंगलोटीचा कोंबडा जोडीला ठेवू नका. रंग पुढच्या पिढ्यांत आणता येतो, बिघडलेली ठेवण सावरायला फार वर्षं जातात.

असीलची कोंबडी खुडूक बसते आणि पिल्लं जिवापाड जपते. कडकनाथ क्वचितच बसते. तिची रवण (उबवायची अंडी) गावरान कोंबडीखाली घालावी लागते, नाहीतर उबवणीचं यंत्र हवं. उलट असील अंडी कमी देते, वाढायला वेळ घेते, आणि कोंबडे वयात आले की वेगळे ठेवावेच लागतात. झुंजी लावणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. त्यासाठी पक्षी मागणाऱ्याला देऊच नका.

अंडी-पिल्लांचा धंदा लवकर उभा करायचा असेल, यंत्र असेल, तर कडकनाथ. जागा आहे आणि निवडीचा खरा नाद आहे, तर मी असीलच सांगेन. कुठलीही घेतली तरी पिल्लांच्या पायात रिंग घाला, आई-बापाची नोंद वहीत ठेवा, आणि दुसरी पिढी डोळ्यांनी बघेपर्यंत ‘शुद्ध’ म्हणून एकही पिल्लू विकू नका.