जॉर्डन-इजिप्त ग्रुप टूर : अत्तराच्या दुकानात दोन तास, पेट्राला साडेतीन

मी बेळगावात पाइप-फिटिंगचं दुकान चालवतो. मोटर, टाक्या, एल्बो, टी हेच आमचं जग, त्यामुळं रिव्ह्यू जरा तिरक्या नजरेचा वाटला तर चालवून घ्या. मुलानं हट्टानं आमचं दोघांचं बुकिंग केलं, १० रात्री, आधी इजिप्त मग जॉर्डन. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच फोन यायला लागतील.

जेवणाला मात्र नाव ठेवायला जागा नाही. स्वयंपाकी सोबतच होता, कैरोत पोचल्या पोचल्या गरम वरणभात आणि पापड, आमच्या हिनं डबाभर कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी नेलेली ती चार दिवस उघडायलाच लागली नाही. टूर मॅनेजर पुण्याचा पोरगा, म्हाताऱ्यांच्या बॅगा स्वतः उचलायचा. हॉटेलं, बस ठीक.

आस्वानहून अंधारातच निघून अबू सिंबलच्या जुन्या देवळाला नेलं. रामसेस राजाचे चार बसलेले पुतळे, एकेक २० मीटर उंच, मान मोडते बघून. पण मला गंमत वाटली ती दुसरीच, हे देऊळ मूळ या जागेवर नव्हतंच म्हणे. आस्वानचं मोठं धरण होणार, देऊळ बुडणार, म्हणून १९६४ ते १९६८ मध्ये दगडाचे हजारावर तुकडे कापून ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागं नेऊन परत जसंच्या तसं जोडलंय. एका पुतळ्याचं धड फार पूर्वी भूकंपात तुटून पायाशी पडलेलं, ते तुकडे पण नवीन जागी तसेच पाडून ठेवलेत, काय माणसं! मला आपलं हिडकल धरणाचं पाणी आठवलं. हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ त्यात बुडतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं आणि आपण जाऊन नमस्कार करून येतो. आपल्या विठोबाला कोण उचलायला आलं नाही.

आता तक्रार. कैरोत पपायरसचं, म्हणजे तिथल्या जुन्या पद्धतीच्या कागदाचं दुकान, मग अत्तराचं, जॉर्डनमध्ये रंगीत खड्यांच्या चित्रांचं. प्रत्येक ठिकाणी "फक्त अर्धा तास" म्हणून बसवलं, अत्तरात तर दोन तास गेले, तेवढ्यात हुक्केरीच्या एका मावशींनी तीन बाटल्या घेतल्या आणि रात्री हॉटेलात त्यातली एक बॅगेत सांडली, पुढचा सगळा प्रवास आमची बस लग्नाच्या हॉलसारखी वास मारायली. आणि ज्याच्यासाठी एवढे पैसे मोजले त्या पेट्राला, म्हणजे जॉर्डनमधल्या डोंगरात कोरलेल्या जुन्या शहराला, दिले साडेतीन तास! तिथल्या शेवटच्या मोठ्या वास्तूला, ज्याला मॉनेस्टरी म्हणतात, ८००च्या आसपास पायऱ्या चढून जावं लागतं. आमच्यातल्या एकालाही जायला मिळालं नाही.

तिकिटात गेटपासून खिंडीच्या तोंडापर्यंत घोडा धरलेलाच असतो हे पण आधी कोणी सांगितलं नाही, आणि फुकट म्हणून बसलं की उतरताना घोडेवाला टिप मागतोच. आम्ही चालतच गेलो, बरं झालं.

कारण ती खिंड, तिला सिक म्हणतात, सुमारे १२०० मीटर लांब, दोन्हीकडं उंच लाल कडे. सगळे वर मान करून फोटो काढायलेत आणि मी खाली भिंतीला चिकटून. दगडात पाण्याचं गटार कोरलेलं, आणि मातीचे भाजलेले पाइप, एकात एक बसवून चुन्यानं जोड बंद केलेले! आमच्या भाषेत सॉकेट जॉइंट की हो. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम. वर्षाला जेमतेम १५० मिलिमीटर पाऊस, आणि लांबच्या झऱ्यातनं उतार देत देत पाणी गावात आणलंय. उतार जास्त झाला तर पाइप फुटणार, कमी झाला तर गाळ बसणार, हे आजच्या पोरांना दहा वेळा सांगावं लागतं. शिवाय पावसाचा लोंढा खिंडीत शिरू नये म्हणून तोंडाशी बांध घालून जवळपास ९० मीटरचा बोगदा खोदून पाणी दुसरीकडं वळवलेलं. हे पेट्रा वसवणारे नबाती म्हणजे उंटावरनं धूप-लोबान विकणारी माणसं, म्हणजे व्यापारीच, पण पाण्याचा हिशोब बरोबर कळलेला. आपल्याकडं त्याच्या कितीतरी पट पाऊस पडून उन्हाळ्यात गल्लीत नळाची वाट बघत बसतो.

खिंड संपली की समोर ती खजिना नावाची प्रसिद्ध कोरीव वास्तू, ४० मीटरच्या आसपास उंच. निपाणीचे अण्णा मॅनेजरला म्हणाले, "एवढ्या लांब विमानानं आणून बदामीच दाखवलास की रे." सगळे हसले, पण अगदीच चूक नाही, दगड वाळूचाच, रंगही तसाच, आणि डोंगर वरनं खाली कोरत आणलेला. नावच खजिना, खरं तर राजाची समाधी असावी म्हणतात. वरच्या दगडी कलशात सोनं आहे म्हणून तिथल्या वाळवंटातल्या बेदुइन लोकांनी गोळ्या मारलेल्या, खुणा दिसतात. कलश भरीव दगडाचा आहे.

मी अजून पाइपांचे फोटो काढत होतो तोवर मॅनेजरची शिट्टी. मी म्हटलं, "बाळा, अजून अर्धा तास दे." तो बिचारा म्हणाला, "काका, दुकानवाला वाट बघतोय." आता काय बोलणार! हिनं मुकाट्यानं डबा उघडून भाकरी हातात दिली आणि आम्ही खात खात बसकडं.

म्हणून ५ पैकी ३. इजिप्तसाठी यांच्यासोबत जा, पेट्राला स्वतः जा, दोन दिवसांचं तिकीट काढा, गुडघे चांगले असतील तर मॉनेस्टरी सकाळी करा. ऑफिसला मेल केला होता, उत्तर आलं की पुढच्या तुर्की टूरवर डिस्काउंट देतो. तिथं गालिच्याचं दुकान किती तास आहे ते विचारलंय, अजून रिप्लाय नाही.