टर्बो स्लेडचं क्लच किट: खोल पावडरसाठी भारी, सोबतचा सेटिंगचा कागद मात्र अर्धवट

गाडी आधी सांगतो म्हणजे पुढचं नीट लागेल. स्लेड म्हणजे स्नोमोबाइल, बर्फावर चालणारी गाडी. माझी ८५० सीसी टू-स्ट्रोक, फॅक्टरी टर्बो (कंपनीनेच बसवलेला, एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), १६५ इंचाचा ट्रॅक (खालचा रबरी पट्टा), त्यावर ३ इंची पॅडल (बर्फ ढकलणारे उंचवटे). हिच्यावर हे किट जवळपास अख्खा सीझन चालवलंय. हिच्या क्लचमध्ये बेल्टने जोडलेल्या दोन पुली असतात, इंजिनाकडची प्रायमरी आणि ट्रॅककडची सेकंडरी, आणि त्याच गिअरसारखा रेशो बदलतात. किटमध्ये प्रायमरीसाठी ॲडजस्टेबल वेट्स (फिरताना बाहेर फेकली जाऊन पुली दाबणारी वजनं), प्रायमरी आणि सेकंडरीची एकेक स्प्रिंग, एक हेलिक्स (सेकंडरीतला तिरक्या उताराचा भाग) आणि वेटमध्ये बसवायचे छोटे छोटे स्क्रू, बस एवढंच.

टर्बो घेतला की सगळे बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवायच्या मागे लागतात, क्लचकडे कोणी बघतच नाही, आणि खोल बर्फात गाडी बसते ती बहुतेक वेळा क्लचमुळेच. होतं काय, कंबरभर पावडरमध्ये (भुसभुशीत ताज्या बर्फात) चढावर झाडांमधून वळताना क्षणभर थ्रॉटल सोडावा लागतो, मग परत दाबला की सेकंडरीने पटकन खालच्या रेशोवर यायला पाहिजे, ते नाही झालं तर आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खालीच अडकतो, आरपीएम नाही म्हणजे एक्झॉस्टचा जोर नाही, जोर नाही म्हणजे टर्बो फिरत नाही आणि बूस्ट येईपर्यंत ट्रॅकने खाली खड्डा खणलेला असतो. साध्या, बिनटर्बोच्या इंजिनला हा त्रास कमी, टर्बोला मात्र आरपीएम पडणं परवडतच नाही.

आणि इथेच हे किट जिंकतं. हेलिक्सचा अँगल स्टॉकपेक्षा (कंपनीच्या मूळ भागापेक्षा) कमी आहे आणि सेकंडरीची स्प्रिंग कडक, त्यामुळे बॅकशिफ्ट (खालच्या रेशोवर परत येणं) इतका झटपट झालाय की थ्रॉटल परत दाबला की आरपीएमचा काटा थेट ७९००-८००० च्या पट्ट्यात येतो, माझ्या इंजिनची खरी ताकद तिथेच आहे. टॉप स्पीड वाढला का? नाही, आणि डोंगरात तो हवाय कोणाला. प्रायमरीची स्प्रिंगही सुरुवातीला मऊ आहे, क्लच लवकर पकडतो, म्हणजे थांबलेल्या जागेवरून निघताना झटका बसत नाही आणि ट्रॅक बर्फ खणण्याऐवजी त्याच्यावर चढतो.

वेट्सबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण सगळी गंमत तिथेच आहे. वेटमध्ये टाचेकडे आणि टोकाकडे अशी वेगळी भोकं आहेत. टाचेकडे वजन टाकलं की ते सुरुवातीच्या ओढीवर काम करतं, टोकाकडचं वजन फुल थ्रॉटलचा आरपीएम ठरवतं. वजन वाढवलं की आरपीएम खाली, कमी केलं की वर. माझ्या गाडीवर प्रत्येक वेटमधून १ ग्रॅम काढला की साधारण १०० आरपीएम वाढतो. साधं इंजिन दर १००० फूट उंचीला ३ टक्क्यांच्या आसपास ताकद गमावतं म्हणून त्यात उंचीप्रमाणे वजन काढावं लागतं, टर्बो ती ताकद बरीच धरून ठेवतो, म्हणून तोच उंचीचा तक्ता टर्बोला लावाल तर वेट हलकी पडतील आणि इंजिन नुसतं किंचाळेल. टर्बोमध्ये उंचीपेक्षा बर्फ किती खोल आणि किती ओला हे बघून सेट करायचं.

आता तक्रारी. सोबत आलेला सेटिंगचा कागद सरळ छोट्या ट्रॅकसाठी बनवलेला वाटतो, १६५ ला तेवढं वजन जड पडतं, आरपीएम ७६०० च्या वर जाईना, मला टोकाकडून वजन काढावंच लागलं. शिवाय स्क्रूवर लिहिलेलं वजन आणि वजनकाट्यावरचं वजन जुळत नव्हतं. सगळ्या वेट्स एकसारख्याच भरल्या पाहिजेत नाहीतर क्लच थरथरतो, तेव्हा डिजिटल काट्यावर तोलूनच बसवा आणि स्क्रूला थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावा. क्लच काढायचं हत्यार, म्हणजे पुलर, या किटमध्ये येत नाही, तो वेगळा घ्यावा लागतो.

कडक स्प्रिंगमुळे बेल्टवर दाब जास्त येतो म्हणजे उष्णताही आली. बेल्टच्या तापमानाचा सेन्सर असेल तर उत्तम, मी ८० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की थांबतो, साइड पॅनेल उघडून बर्फाळ हवा लागू देतो. नवीन बेल्ट घालण्याआधी शीव्ह (पुलीच्या, बेल्ट बसतो त्या चकत्या) स्कॉचब्राइटने (खरखरीत घासणीने) घासून पुसून घ्या आणि पहिले ४०-५० किलोमीटर फुल थ्रॉटल नको. बेल्ट सेकंडरीच्या कडेच्या किंचित वर बसतोय का तेही बघा, खाली बसला असेल तर पकडतानाच ओढ मरते आणि मग लोक विनाकारण वेट बदलत बसतात.

घ्यावं का? लांब ट्रॅकची टर्बो असेल आणि झाडांमध्ये, चढावर, खोल बर्फात चालवत असाल तर डोळे झाकून घ्या, फक्त एक दिवस सेटिंगसाठी राखून ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. वेळ बहुतेक ट्रेलवरच (दाबून तयार केलेल्या बर्फाच्या वाटेवर) जात असेल तर स्टॉक हेलिक्सच राहू द्या, सपाटीला हे किट बेल्ट उगाच तापवतं.