मंडई मंडईच ठेवावी, की तिचं दुसरं काही करावं?

नगरसेविका असलेल्या मैत्रिणीने विचारलं: गावातली जुनी दगडी मंडई दुरुस्त करून भाजीवाल्यांनाच द्यावी, की तिथे कलादालन, कॅफे काढावेत? दोन्ही वाटांची उदाहरणं आहेत. मुंबईचं १८६९ चं क्रॉफर्ड मार्केट आजही बाजारच आहे. लंडनच्या कोव्हेंट गार्डनचा घाऊक बाजार १९७४ मध्ये हलवला. तिथली १८३० ची इमारत १९८० मध्ये दुकानं-उपाहारगृहांसाठी उघडली.

खर्चात मंडई स्वस्त. छप्पर, निचरा, वीज एवढं मुख्य काम. दालनाला वातानुकूलन, लिफ्ट, सगळंच नवं.

टिकाऊपणा मात्र वापरापेक्षा कारागिरीवर ठरतो. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला, की ओल आत कोंडते आणि दगड झिजतो. कंत्राटात चुन्याचं काम स्पष्ट लिहून घ्या. मंडईत रोज पाणी, कचरा. तिथे देखभालही रोजची हवी.

आणि माणसं? कोव्हेंट गार्डनची वास्तू वाचली, भाजी-फळांचा व्यापार तिथून गेला. हे माझ्या मनाला फार लागतं.

गाळेधारक अजून बसत असतील, तर मंडईच ठेवा. बाजार आधीच उठून नुसतं कुलूप उरलं असेल, तर नवा वापर बेलाशक द्या. बंद वास्तूची गळती कुणाच्या लक्षातही येत नाही.