आयपीव्ही४ ब्लॉक घेताना एस्क्रो डॉट कॉम वापरलं: सविस्तर रिव्ह्यू

ज्यांचा छोटा आयएसपी (इंटरनेट पुरवणारी कंपनी) आहे किंवा डेटा सेंटरमध्ये स्वतःचं नेटवर्क आहे आणि जे आता आयपीव्ही४ ब्लॉक, म्हणजे जुन्या पद्धतीच्या इंटरनेट पत्त्यांचा (आयपींचा) सलग गट, विकत घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण ही खरेदी करताना पैसे सुरक्षित कसे ठेवायचे यावर मराठीत मला काहीच सापडलं नव्हतं. आधीच सांगून टाकतो, सर्व्हिस चांगली आहे आणि परदेशातल्या अनोळखी पार्टीकडून ब्लॉक घेणार असाल तर एस्क्रोशिवाय, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या तिसऱ्या पार्टीशिवाय, एक डॉलरसुद्धा पाठवू नका. पण एस्क्रो लावला म्हणजे आपण सुटलो असं अजिबात नाही, अटी नीट लिहिल्या नाहीत तर त्याचा उपयोग निम्मा पण होत नाही, आणि खरं सांगायचं तर रिव्ह्यूचा मोठा भाग त्या अटींबद्दलच आहे.

आमचा फायबर ब्रॉडबँडचा धंदा, इचलकरंजी आणि आजूबाजूची गावं. केबल टीव्हीतून ब्रॉडबँडमध्ये आलेल्या सगळ्यांची जी अडचण तीच आमची, कस्टमर वाढत गेले आणि पब्लिक आयपी (इंटरनेटवर थेट दिसणारे पत्ते) तेवढेच राहिले. मग सीजीनॅट लावायचं, एका आयपीमागे ढीगभर कस्टमर बसवायचे. घरगुती कस्टमरला फरक पडत नाही फारसा, पण इथे यंत्रमागवाले आहेत, सायझिंगवाले आहेत, त्यांना घरी बसून मोबाइलवर शेडमधला कॅमेरा बघायचा असतो, कोणाला ऑफिसच्या सर्व्हरला बाहेरून कनेक्ट व्हायचं असतं, ते सगळे स्टॅटिक, म्हणजे स्वतःचा न बदलणारा, आयपी मागतात आणि त्याचे महिन्याचे जास्तीचे पैसे पण देतात. आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवीन पद्धत आम्ही चालू केलीय, तरी जुने डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग करणारे डबे) आणि त्यांची अ‍ॅप आयपीव्ही४ शिवाय चालत नाहीत हे फील्डवर रोज दिसतं.

आणि नवीन आयपी फुकट मिळायचे दिवस केव्हाच गेले. सगळ्या जगाचे आयपी वाटणाऱ्या आयाना या संस्थेचा साठा ३ फेब्रुवारी २०११ ला संपला, आपल्या भागाचं रजिस्ट्री ऑफिस म्हणजे एपीनिक, ते त्याच वर्षी १५ एप्रिलला शेवटच्या स्लॅश ८ वर, म्हणजे आयपींच्या शेवटच्या मोठ्या गटावर आलं, तेव्हापासून नवीन मेंबरला जास्तीत जास्त १०२४ आयपी आणि २०१९ पासून ५१२. तिकडे अमेरिकेत आरिन या रजिस्ट्रीचा साठा २४ सप्टेंबर २०१५ ला संपला. त्यामुळे ज्यांच्याकडे पडून आहेत त्यांच्याकडून विकत घ्यायचे एवढाच रस्ता. हा बाजार आता चांगलाच मोठा आहे, नॉर्टेल दिवाळखोरीत गेली तेव्हा २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्यांचे ६,६६,६२४ आयपी ७५ लाख डॉलरला घेतले होते, म्हणजे आयपीला सव्वाअकरा डॉलर. २०२१ मध्ये भाव पन्नास डॉलरच्या वर गेला, नंतर बराच उतरला. हिशोबाला ३० डॉलर धरा, स्लॅश २२ म्हणजे १०२४ आयपी, झाले ३०,७२० डॉलर, आपल्या पैशात पंचवीस लाखांच्या वर. छोट्या आयएसपीसाठी ही रक्कम म्हणजे एक-दोन गावांचं फायबर आहे हो, ती कोणाच्या तरी ईमेलवर विश्वास ठेवून पाठवायची नसते.

आता या व्यवहारात अडचण नेमकी कुठे येते ते बघा. यात माल नावाची वस्तूच नाही. आयपी ब्लॉक म्हणजे रजिस्ट्रीच्या नोंदीत तुमच्या कंपनीचं नाव, बास. जमिनीसारखंच आहे, इसार दिला, साठेखत झालं, कब्जा पण मिळाला, तरी फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव लागत नाही तोपर्यंत जीवात जीव नसतो. इथे सातबारा म्हणजे हूइज, कोणता ब्लॉक कोणाच्या नावावर ते दाखवणारी रजिस्ट्रीची सार्वजनिक नोंद. विकणारा म्हणतो आधी पैसे टाका मग ट्रान्सफर रिक्वेस्ट करतो, घेणारा म्हणतो आधी ट्रान्सफर दाखवा मग पैसे, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. विकणाऱ्याने रजिस्ट्रीत एकदा सोडलेला ब्लॉक परत ओढता येत नाही, आणि आपण परदेशात पाठवलेली वायर (बँकेतून थेट पाठवलेले पैसे) पण परत येत नाही.

यासाठी मध्ये तिसरा माणूस लागतो आणि एस्क्रो डॉट कॉम तेच काम करतं. १९९९ पासून आहे, २०१५ मध्ये फ्रीलान्सर या ऑस्ट्रेलियन कंपनीने विकत घेतलं, कॅलिफोर्नियाचं सरकारी लायसन्स आहे, डोमेन खरेदी-विक्रीवाल्या लोकांना तर हे नाव पाठच असतं. पद्धत साधी आहे. दोघांपैकी कोणीतरी किंवा ब्रोकरने ट्रान्झॅक्शन उघडायचं, अटी लिहायच्या, दोघांनी मान्य करायच्या, घेणाऱ्याने पैसे एस्क्रोकडे भरायचे, पैसे जमा झाले की विकणाऱ्याला कळवलं जातं, मग तो माल देतो, घेणारा तपासून मान्य करतो, आणि त्यानंतरच पैसे विकणाऱ्याला जातात. फी कोण भरणार ते आधी ठरवता येतं, घेणारा, विकणारा किंवा निम्मी-निम्मी. रक्कम वाढते तशी टक्केवारी उतरते, साइटवर कॅल्क्युलेटर आहे, रक्कम टाकून बघा. आम्ही निम्मी-निम्मी केली आणि विकणाऱ्याने एका शब्दाने खळखळ केली नाही, जो विकणारा एस्क्रोच्या फीवरून कटकट करतो त्याच्यापासून मी तरी लांबच राहीन.

आमची मेंबरशिप थेट एपीनिककडे आहे आणि विकणारी कंपनी अमेरिकेतली, म्हणजे ब्लॉक आरिनकडून एपीनिककडे येणार होता. अशा ट्रान्सफरमध्ये दोन्ही रजिस्ट्री आपापलं तपासतात. विकणाऱ्याने आरिनकडे रिक्वेस्ट टाकायची, कंपनीच्या अधिकृत माणसाने सही करायची, आणि आपण एपीनिकला दाखवायचं की हे आयपी पुढच्या २४ महिन्यांत कुठे वापरणार. गरज मान्य झाल्याचं हे अप्रूव्हल आधी हातात घ्या, मग ब्लॉक शोधा. पैसे एस्क्रोत अडकलेत आणि एपीनिक आपल्याकडे अजून नेटवर्क प्लॅन मागतंय अशी वेळ यायला नको. अजून एक, ब्लॉक भारतातलाच आणि १०३ ने सुरू होणारा असेल तर तो मूळ मालकाला कधी मिळाला ते बघा, पाच वर्षं झाल्याशिवाय असा ब्लॉक ट्रान्सफर होतच नाही, कोणी कितीही गोड बोलला तरी.

आता मुख्य मुद्दा. ट्रान्झॅक्शन उघडताना आयटमचं वर्णन लिहायला जागा असते, तिथे नुसतं "आयपी ब्लॉक" असं लिहून पुढे जाऊ नका. आम्ही तिथे पूर्ण प्रीफिक्स (ब्लॉकचा पत्ता आणि आकार), सोडणाऱ्या संस्थेचं आरिनमधलं नाव, आमचं एपीनिकमधलं नाव आणि डिलिव्हरी कधी झाली असं मानायचं ते स्पष्ट लिहिलं: एपीनिकच्या हूइजमध्ये तो पूर्ण ब्लॉक आमच्या नावावर दिसेल तेव्हाच. एलओए (मालकाने दिलेलं वापराचं परवानगीपत्र) मिळालं म्हणजे डिलिव्हरी नाही, आमच्या एएस नंबरवरून (इंटरनेटवरचा आमच्या नेटवर्कचा नंबर) ब्लॉकचा राउट दिसायला लागला म्हणजे डिलिव्हरी नाही, आरिनचं "प्रोसेसमध्ये आहे" असं मेल आलं म्हणजे पण नाही. काही विकणारे म्हणतात आज एलओए देतो, तुम्ही आजच अनाउन्स करून (हा ब्लॉक आपल्या नेटवर्कवर आहे असं इंटरनेटला कळवून) वापरायला लागा आणि पैसे सोडा, ट्रान्सफर होत राहील. अहो एलओए ही फक्त परवानगी आहे, देणारा ती उद्या काढून पण घेऊ शकतो, मालकी त्याच्याकडेच राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे इन्स्पेक्शन पिरियड. डिलिव्हरी झाली की घेणाऱ्याला तपासायला ठराविक दिवस मिळतात, ते दिवस आपणच अटींमध्ये ठरवायचे, आणि त्या मुदतीत आपण काहीच बोललो नाही तर माल मान्य धरून पैसे सुटतात, त्यामुळे तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा. पण ही सगळी रचना परत करता येणाऱ्या वस्तूंसाठी केलेली आहे. घड्याळ आवडलं नाही, परत पाठवलं. आयपी ब्लॉक तसा परत जात नाही, विकणाऱ्याला तो परत घ्यायचा तर आरिनकडे त्यालाच गरज सिद्ध करावी लागेल, ज्याने गरज नाही म्हणून विकला त्याने! म्हणून ब्लॉकची जी काही तपासणी असेल ती पैसे भरायच्या आधीच पूर्ण करायची आणि इन्स्पेक्शनमध्ये फक्त नोंद बरोबर झाली का तेवढंच बघायचं.

तपासणी म्हणजे काय तर स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या स्पॅमहाउस लिस्टमध्ये आहे का, राइपस्टॅट या साइटवर राउटिंगचा (ब्लॉक कुठून कुठून वापरला गेला त्याचा) इतिहास काय दिसतो, आधी कोणकोणत्या एएसमधून फिरलाय, दर काही महिन्यांनी वेगळ्या देशातून अनाउन्स झालेला असेल तर तो भाड्याने फिरवलेला ब्लॉक असू शकतो आणि त्याचं नाव खराब असायची शक्यता जास्त. विकणाऱ्या कंपनीचं नाव हूइजमध्ये जे आहे तेच करारावर आहे का, सही करणारा खरंच तिथला आहे का. हे कंटाळवाणं वाटेल पण अमेरिकेतली मिकफो या कंपनीची केस बघा, खोट्या कंपन्या कागदावर उभ्या करून आरिनकडून साडेसात लाखांच्या वर आयपी मिळवले होते, २०१९ मध्ये गुन्हा दाखल झाला आणि २०२१ मध्ये मालकाने गुन्हा कबूल केला. रजिस्ट्रीत नाव आहे म्हणजे मागचा इतिहास पण स्वच्छ आहे असं समजू नका, आणि तो इतिहास एस्क्रोवाला तपासून देत नाही, ते त्याचं काम पण नाही. वाद झालाच तर कोण बरोबर हे पण तो ठरवत नाही, निकाल लागेपर्यंत पैसे धरून ठेवतो.

पैसे पाठवायचा भाग मात्र आपल्याकडे खरंच डोकं खातो. एस्क्रो डॉट कॉममध्ये डॉलर, युरो वगैरे चालतात, रुपया नाही. म्हणजे बँकेतून परदेशी वायर, आणि आमच्या वेळी त्यासाठी परदेशी रकमेचा फॉर्म ए-टू, सीएकडून आयकराचा दाखला १५सीबी, आपलं १५सीए हे सगळं लागलं, शिवाय रिव्हर्स चार्जचा (म्हणजे विकणाऱ्याऐवजी आपणच भरायचा) जीएसटी. आमच्या शाखेतल्या साहेबांनी सगळी फाइल बघितली आणि म्हणाले, "इन्व्हॉइस एका कंपनीचं, पैसे दुसऱ्याच कंपनीला, हे कसं काय?" त्यांचं काही चुकलं नाही, त्यांनी असा व्यवहार कधी बघितलेलाच नव्हता. विकणाऱ्याशी केलेला करार, त्यात एस्क्रोचं नाव घातलेलं कलम, ट्रान्झॅक्शनचं पान प्रिंट करून आणि एपीनिकचं अप्रूव्हल असा सेट दिल्यावर फाइल वर गेली आणि मंजूर झाली. म्हणून सांगतो, करारातच लिहून घ्या की रक्कम एस्क्रोमार्फत दिली जाईल, सुटं पत्र बँक मानेलच असं नाही. आणि वायर करताना सगळे चार्जेस आपल्या बाजूला घ्या, नाहीतर मधली बँक वीस-पंचवीस डॉलर कापते, तेवढी रक्कम कमी पोचते आणि सगळं तिथेच अडकून राहतं.

पैसे पोचल्यावर पुढचं सगळं शांतपणे झालं. साइटवर कुठल्या टप्प्यावर आहोत ते दोघांनाही एकसारखं दिसतं, त्यामुळे "पाठवलं का, आलं का" अशी फोनाफोनी नाही. एके दिवशी सकाळी हूइजला क्वेरी मारली तर आमच्या कंपनीचं नाव, देश आयएन, आणि दोन्हीकडच्या ट्रान्सफर लॉगमध्ये पण नोंद, हे लॉग कोणालाही बघता येतात. लगेच मायएपीनिक या त्यांच्या मेंबर पोर्टलमध्ये जाऊन आरओए (हा ब्लॉक आमच्याच एएसमधून अनाउन्स होईल अशी सही केलेली नोंद) बनवला, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) लावला, मगच एस्क्रोवर मान्य केलं. रॅडबी या राउटिंगच्या डेटाबेसमध्ये जुन्या मालकाची राउटची एंट्री तशीच पडून होती, ती मान्य करायच्या आधीच विकणाऱ्याकडून काढून घेतली, पैसे अजून सुटलेले नसताना अशी कामं पटकन होतात हे पण एस्क्रोचंच श्रेय म्हणायला हवं. जिओलोकेशनला (आयपी कुठल्या देशातला ते सांगणाऱ्या नोंदींना) मात्र वेळ लागतो, थोडे दिवस कस्टमरना एका ओटीटीवर अमेरिकेतला कंटेंट दिसत होता, ते प्रत्येक डेटाबेसवाल्याला लिहून दुरुस्त करून घ्यावं लागतं.

एक धोका मात्र खूप गंभीर आहे. एस्क्रोच्या नावाने खोट्या साइट चालतात, हुबेहूब दिसणाऱ्या, नावात एखादा शब्द किंवा डॅश जास्त. समोरचा म्हणतो मी ट्रान्झॅक्शन बनवलंय, ही लिंक घ्या. त्या लिंकवर जायचंच नाही. पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा, ट्रान्झॅक्शन तिथे दिसलं तर खरं. वायरचा खाते नंबर लॉगिन केल्यावर जो दिसतो तोच घ्या, मधेच "बँक डिटेल्स बदललेत" असं मेल आलं तर ते खोटंच समजा. तुम्ही विकणारे असाल तरी हाच नियम, "पैसे जमा झाले" असं मेल बघून आरिनला किंवा एपीनिकला मंजुरी देऊ नका, आधी लॉगिन करून स्टेटस बघा.

मी पाचपैकी साडेचार देईन. अर्धा कापला तो यासाठी की आयपी ब्लॉकसारख्या परत न जाणाऱ्या गोष्टीसाठी डिलिव्हरीच्या अटी तयार मिळायला हव्यात, रजिस्ट्रीची नोंद हाच पुरावा असं आधीच छापलेलं असावं, म्हणजे नव्या माणसाला सगळं स्वतः सुचायची गरज पडणार नाही.

आणि घेणारा-विकणारा दोघंही भारतातले असतील तर हे उपयोगाचं नाही, रुपयातला व्यवहार इथे होत नाही. तेव्हा आपल्या बँकेत एस्क्रो अकाउंट उघडून मिळतं का ते विचारा, वकिलाकडून तिघांचा करार करून घ्या आणि त्यात पैसे सोडायची अट हीच टाका: हूइजमध्ये नाव लागल्यावर.