मिटुटोयो डिजिटल मायक्रोमीटर (२९३-२३०-३०): केबलसकट घ्या

शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं ग्राइंडिंग शॉप आहे. इथलं गिऱ्हाईक दोन-चार पीस मोजतं आणि माल उतरवून घेतं. जर्मनीची ऑर्डर आली आणि हा निवांतपणा संपला. त्यांना आधी पीपॅपची, म्हणजे माल सुरू करण्याआधीच्या मंजुरीची फाइल हवी: सीपीके (साइज मुभेच्या आत किती सांभाळून राहतो त्याचा आकडा) १.६७, गेज आर अँड आर (मोजण्यातच पडणारा फरक) १० टक्क्यांच्या आत. ड्रॉइंगवर २० एच-६, म्हणजे २० मिमी व्यासाला सगळी मुभा १३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साध्या मायक्रोमीटरवर एक ऑपरेटर ओके म्हणायचा तोच जॉब (घासलेला पीस) दुसरा बाजूला काढायचा.

हा मायक्रोमीटर एक मायक्रॉनपर्यंत आकडा दाखवतो, अचूकता ±१ मायक्रॉन. आयपी-६५ आहे, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, त्यामुळे कूलंटच्या (मशीनवरच्या थंड करायच्या पाण्याच्या) ओल्या हातानं वापरला तरी चालतो. पण खरे पैसे वसूल होतात ते डेटा केबलनं. बटण दाबलं की रीडिंग थेट एक्सेलमध्ये. पूर्वी शिफ्ट सुटायच्या वेळी इन्स्पेक्शन रिपोर्ट 'भरला' जायचा: १९.९९५, १९.९९४, परत १९.९९५. कुठल्या जॉबचे आकडे, देव जाणे! आता साइज हळूहळू वर चढायला लागला की ग्राइंडिंग व्हील झिजतंय हे ऑपरेटरला स्क्रीनवरच दिसतं. जॉब बाद व्हायच्या आत तो मशीनला ऑफसेट, म्हणजे तेवढी दुरुस्ती देतो. रिजेक्शन उतरलं ते यामुळे.

केबल वेगळी विकत घ्यावी लागते, स्वस्त नाही, आणि मशीनजवळ सारखी पायात येते.

जॉब गरम आहे हे मात्र या यंत्राला कळत नाही. स्टीलचा २० मिमीचा जॉब १० अंशांनी तापला की दोन मायक्रॉनांहून जास्त फुगतो. तेरातले दोन तिथंच गेले. ड्रॉइंगवरचं माप २० अंश सेल्सिअसचं असतं. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते आणायचं कुठून? म्हणून जॉब, स्लिप गेज (मायक्रोमीटर ताडून बघायचा नेमक्या मापाचा ठोकळा) आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर ठेवून सारख्या तापमानाला निवू द्यायचे, मगच मोजायचं. घाईच्या दिवशी पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत.

टॉलरन्स (मुभा) पाच शतांश मिलिमीटरचा असेल तर एवढा खर्च करू नका, साधा पुरतो. एक्स्पोर्ट करायचं असेल तर केबलसकट घ्या, तोही अधिकृत डीलरकडूनच. या नावाचा नकली माल बाजारात फिरतो. वर एनएबीएल (सरकारमान्य) लॅबचं कॅलिब्रेशन, म्हणजे अचूकतेची तपासणी करून ठेवा. आमच्याकडे आलेल्या ऑडिटरनं पहिल्यांदा तेच सर्टिफिकेट मागितलं.