डीटीपीच्या टेबलावरून सीएसएसकडे: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत खणभागातल्या एका छापखान्यात मी एकोणीस वर्षं डीटीपी केलं. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. गेले नऊ महिने रात्रीची जेवणं उरकली की रोज दीड-दोन तास सीएसएस शिकते आहे. वेबपानातला मजकूर एचटीएमएलमध्ये असतो. तो कसा दिसावा, कुठे बसावा, अक्षर केवढं, दोन ओळींत जागा किती, हे सगळं सीएसएसमध्ये लिहायचं असतं. ज्यांचा हात अक्षरांवर बसलेला आहे पण कोडची एक ओळही कधी लिहिलेली नाही, अशांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात मामेभावामुळे झाली. गणपती पेठेत त्याचं हळद-बेदाण्याचं दुकान आहे. रोज पन्नास लोकांना दरपत्रकाचा फोटो पाठवायचा, दुपारी भाव बदलला की पुन्हा पाठवायचा. एक दिवस म्हणाला, "अक्का, सगळ्या गावाच्या पत्रिका करतीस, माझं एक पान कर की. लिंक दिली की झालं." मी हो म्हटलं. पत्रिका जमते तर पान का जमणार नाही, असं मला खरोखर वाटलं होतं.

आधी एक क्लास लावला. तिथे तीन महिने गुणधर्मांची यादी पाठ करून घेतली. कलर, बॅकग्राउंड, बॉर्डर, फ्लोट. परीक्षेत गुण मिळाले, पण कोरं पान समोर आलं की पहिली ओळ कुठून सुरू करायची ते कळत नव्हतं. खरं शिक्षण घरी सुरू झालं, आणि त्याला दोनच गोष्टी लागल्या: एमडीएन ही मोझिलाची (फायरफॉक्स ब्राउझरवाले) फुकट संदर्भाची साइट आणि ब्राउझरमधलंच इन्स्पेक्ट. कुठल्याही पानावर उजवं बटण दाबून इन्स्पेक्ट उघडलं की त्या तुकड्याला लागलेले सगळे नियम दिसतात. जो नियम दुसऱ्या नियमापुढे हरला त्याच्यावर रेघ मारलेली असते. शेजारी चौकटीचं चित्र येतं: आत मजकूर, भोवती पॅडिंग, मग बॉर्डर, बाहेर मार्जिन. आकडा तिथल्या तिथे बदलून बघता येतो. छापखान्यात प्रूफ काढून, लाल पेनाने खुणा करून, पुन्हा प्रूफ काढून जे कळायचं ते इथे दोन सेकंदांत कळतं. क्लासमध्ये पहिल्या दिवशी हेच दाखवायला हवं होतं.

काही गोष्टी ओळखीच्या निघाल्या तेव्हा फार बरं वाटलं. सीएसएसमध्ये पॉइंट आहे, मिलिमीटर आहे, एम (अक्षराच्या आकाराएवढं माप) सुद्धा आहे. एक इंच म्हणजे ७२ पॉइंट आणि ९६ पिक्सेल. ब्राउझरमध्ये मूळ अक्षर साधारण १६ पिक्सेलचं असतं, म्हणजे बरोबर १२ पॉइंट. हा हिशेब कळला त्या दिवशी डोळ्याला माप सापडलं. चौकटीचा हिशेब मात्र आठवडाभर चुकत होता. रुंदी ३०० दिली, दोन्ही बाजूंनी २० पॅडिंग दिलं, तर चौकट ३४० ची होते, कारण दिलेली रुंदी फक्त आतल्या मजकुराची धरली जाते. बॉक्स-सायझिंगला बॉर्डर-बॉक्स असं सांगितलं की पॅडिंग आणि बॉर्डर धरून रुंदी ३०० राहते. ही ओळ मी आता प्रत्येक फाइलच्या डोक्यावर आधी टाकते.

आता मुख्य गोष्ट. ती कळायला मला चार महिने लागले.

पहिलं पान मी पत्रिकेसारखंच केलं होतं. राजापुरी हळद, सेलम हळद, हिरवा बेदाणा, पिवळा बेदाणा, काळा बेदाणा, प्रत्येकाची वेगळी चौकट. सगळ्या चौकटी एकसारख्या, उंची २२० पिक्सेल, एका रेषेत. माझ्या स्क्रीनवर इतकं नेटकं दिसत होतं की मी तेच आबांना दाखवायला गेले. आबा म्हणजे माझे सासरे, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांनी स्वतःच्या फोनमध्ये लिंक उघडली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, "छान केलंयस गं, पण भाव कुठं लिहिलायस? खालचं दिसंनाच मला." त्यांच्या ब्राउझरमध्ये अक्षरं मोठी करून ठेवलेली. माझ्या चौकटीची उंची पक्की, आणि चौकटीबाहेर गेलेला मजकूर झाकायचा, असंही मीच लिहिलेलं. त्यामुळे नाव दिसत होतं, वर्णन दिसत होतं आणि भाव कापला गेला होता. दरपत्रकातला भावच.

त्या रात्री मी फाइलमधून उंचीचा प्रत्येक आकडा काढून टाकला. पान मोडेल अशी भीती होती, पण मोडलं नाही. चौकटी मजकुराएवढ्या झाल्या आणि ग्रिड (रांगा-रकाने पाडून मांडणी करायची सीएसएसची सोय) वापरलेलं असल्याने एका रांगेतल्या चौकटी आपोआप सगळ्यांत उंच चौकटीएवढ्या ताणल्या गेल्या. मी जे हट्टाने आकडा देऊन करत होते ते ग्रिड न सांगताच करत होतं.

कागदाचा आकार आधी ठरतो. डेमी असो, क्राउन असो, ए-फोर असो, तो एकदा ठरला की वाचणाऱ्याच्या हातात नेमकं काय पडणार ते मला माहीत असतं. वेबपानाला कागदच नाही. कुणाचा फोन चार बोटं रुंद, कुणाच्या दुकानात मोठा स्क्रीन, कुणाची अक्षरं दीडपट. सीएसएसची मांडणी अगदी सुरुवातीपासून हे धरूनच झालेली आहे. होकोन व्हियुम ली या नॉर्वेजियन माणसाने सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत काम करताना ऑक्टोबर १९९४ मध्ये त्याचा पहिला प्रस्ताव मांडला. पुढे बर्ट बोस त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिली आवृत्ती अधिकृत झाली. पान करणाऱ्याची इच्छा आणि वाचणाऱ्याची इच्छा, दोन्ही एकत्र येऊन पानाचं दिसणं ठरावं, ही कल्पना त्या पहिल्या प्रस्तावातच होती. सीएसएस म्हणजे कॅस्केडिंग स्टाइल शीट्स, आणि त्यातल्या कॅस्केडिंग या शब्दात तीच गोष्ट आहे: नियम वेगवेगळ्या ठिकाणांहून वाहत येतात आणि त्यांतून एक ठरतो. हे वाचल्यावर आबांच्या फोनकडे मी वेगळ्या नजरेने बघायला लागले. त्यांनी अक्षर मोठं केलं तो त्यांचा हक्कच होता, आणि माझी मांडणी त्या हक्काच्या आड आली होती.

आता मी कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांच्या भाषेत विचार करते. ग्रिडला सांगते, रकाना २२० पिक्सेलपेक्षा अरुंद करू नकोस, जागा असेल तितके रकाने बसव, उरलेली जागा सारखी वाट. फोनवर एक रकाना होतो, दुकानातल्या स्क्रीनवर चार. वेगळ्या मापांची वेगळी पानं करावी लागत नाहीत. ग्रिड मोठ्या ब्राउझरमध्ये २०१७ साली आलं. त्याआधी लोक फ्लोट (तुकडा डावी-उजवीकडे सरकवणारा गुणधर्म) वापरून रकाने कसे करत होते ते मी क्लासमध्ये शिकले, आणि नव्याने शिकणाऱ्याने त्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एकाच ओळीत वस्तू मांडायच्या असतील तर फ्लेक्सबॉक्स. त्यासाठी फ्लेक्सबॉक्स फ्रॉगी नावाचा बेडकांचा खेळ आहे, २४ पायऱ्यांचा. माझ्या नववीतल्या मुलीने आणि मी तो दोन संध्याकाळींत संपवला.

मराठीबद्दल मात्र थांबून लिहायला हवं, कारण जे धडे मी बघितले त्यांतले नमुने रोमन अक्षरांचे होते आणि तिथले आकडे जसेच्या तसे उचलले की देवनागरीचं नुकसान होतं.

पहिलं म्हणजे ओळींमधलं अंतर. रोमनला १.२ किंवा १.४ पुरतं. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. 'मुलांपर्यंत'च्या खालच्या ओळीत 'कीर्तीं' आलं की वरचा उकार आणि खालचा रफार भिडतात. मी मजकुराला १.७ देते आणि मथळ्याला १.४ च्या खाली जात नाही. हा आकडा एकक न लावता द्यायचा. पिक्सेलमध्ये दिला तर आतल्या मोठ्या अक्षरांनाही तेच अंतर वारशाने मिळतं आणि मथळ्याच्या दोन ओळी एकमेकींवर चढतात.

दुसरं, लेटर-स्पेसिंग. इंग्रजी मथळ्यात अक्षरं थोडी लांब लांब ठेवली की रुबाब येतो, म्हणून मी तेच दुकानाच्या नावाला केलं. शिरोरेघ तुटली. प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर वेगळा तुकडा, मध्ये फट. देवनागरीला लेटर-स्पेसिंग शून्यच ठेवावं. ठसठशीतपणा हवा असेल तर वजन वाढवावं, आकार वाढवावा. वजन वाढवतानाही फॉन्टची जाड फाइल खरोखर जोडलेली आहे का ते बघायचं. ती नसेल तर ब्राउझर पातळ अक्षरालाच फासून जाड करतो, आणि 'क्ष', 'ष', 'भ' यांच्या पोटातली पांढरी जागा बुजून जाते. तिरप्या अक्षरांचंही तेच. बहुतेक देवनागरी फॉन्टांना तिरपं रूप नसतं, ब्राउझर सरळ अक्षर ओढून वाकडं करतो. मी तिरपं वापरणंच सोडलं. जोर द्यायचा तिथे रंग बदलते.

तिसरी गोष्ट कळली तेव्हा मला सगळ्यांत जास्त आनंद झाला. पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी आहे असं सांगितलं आणि फॉन्टमध्ये मराठी वळणाची सोय असली, तर 'ल' पाकळीचा येतो आणि 'श' देठाचा. भाषा सांगितली नाही की हिंदी वळणाचे ल आणि श येतात. पुस्तकांत, पत्रिकांत आयुष्यभर मी जे ल आणि श बसवले ते स्क्रीनवर का दिसत नाहीत याची रुखरुख मला कित्येक वर्षं होती. त्याचं कारण ही एक ओळ होती. याद्यांचे आकडेही लिस्ट-स्टाइल-टाइपला देवनागरी सांगितलं की १, २, ३ असे येतात, हाताने घालावे लागत नाहीत.

फॉन्ट म्हणून मी 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'मुक्ता' घेतला. फुकट आहे, वजनं भरपूर आहेत आणि छोट्या आकारात स्वच्छ वाचता येतो. देवनागरी फॉन्टची फाइल जोडाक्षरांमुळे जड असते, म्हणून दोनच वजनं जोडली आणि फाइल येईपर्यंत फोनमधल्या फॉन्टात मजकूर दिसू दे असं सांगून ठेवलं. छापखान्यातल्या जुन्या फाइलींतला मजकूर मात्र थेट चालत नाही. तो जुन्या फॉन्टांच्या सांकेतिक पद्धतीत आहे, इथे चिकटवला की रोमन चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या आजच्या सांकेतिक पद्धतीत) रूपांतर करून प्रत्येक ओळ तपासावी लागली. रफार आणि ऱ्ह, ऱ्य हमखास चुकतात.

तक्रारीही आहेत. सीएसएस चूक झाली तर बोलत नाही. अर्धविराम राहिला, गुणधर्माचं स्पेलिंग चुकलं, की ती ओळ मुकाट्याने टाकून पुढे जातं. ते मुद्दाम तसं केलेलं आहे: जुन्या ब्राउझरला नवा गुणधर्म कळला नाही तरी बाकीचं पान दिसलं पाहिजे. कारण पटतं, पण एका अर्धविरामापायी माझा रविवार गेला हेही खरं. दुसरी तक्रार नियमांच्या भांडणाची. एचटीएमएलमधल्या एकाच तुकड्याला दिलेलं नाव म्हणजे आयडी, अनेक तुकड्यांना मिळून दिलेलं नाव म्हणजे क्लास, आणि परिच्छेद, मथळा अशी मूळ खूण म्हणजे टॅग. आयडीने लिहिलेला नियम क्लासने लिहिलेल्याला हरवतो, क्लास साध्या टॅगला हरवतो, आणि जोर सारखा असेल तर नंतर लिहिलेला जिंकतो. हे नीट कळण्याआधी मी जिथे अडलं तिथे इम्पॉर्टंट (हाच नियम जिंकू दे असं सांगणारा शब्द) लावत गेले. तिसऱ्या महिन्यात फाइलमध्ये एकेचाळीस इम्पॉर्टंट होते आणि एक रंग बदलायचा तर पाच ठिकाणी शोधावं लागायचं. शेवटी आयडी सगळे काढले, फक्त क्लास ठेवले आणि फाइल पहिल्यापासून लिहिली. तीन रात्री लागल्या. नवीन माणसाने सुरुवातीलाच असं करावं.

आणखी एक. फोनसाठी व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान स्क्रीनच्या रुंदीएवढं धर असं सांगणारी, एक ओळ एचटीएमएलमध्ये लागते. ती विसरली तर फोन पान ९८० पिक्सेल रुंद समजून सगळं बारीक करून दाखवतो, मग सीएसएसमध्ये कितीही डोकं लावा.

दुकानाचं पान पाच महिने चालू आहे. वर दुकानाचं नाव, त्याखाली सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाल्याची एक ओळ, मग चौकटी. मामेभाऊ भाव स्वतः बदलतो, मांडणी हलत नाही. आणि ज्याची अपेक्षा नव्हती ते असं की त्याच पानाला मी छपाईचे वेगळे नियम लिहिले: ए-फोर, समास १२ मिलिमीटर, रंग काढून टाकायचे, बटणं लपवायची, चौकट दोन पानांत तुटू द्यायची नाही. आता तो सकाळी दुकान उघडलं की तेच पान छापून काउंटरवर लावतो. हाताने केलेलं दरपत्रक आणि हे, शेजारी ठेवून मी बघितलं. आकड्यांचे रकाने सरळ रेषेत आहेत, समास बरोबर आहे.

अजून अडलेली गोष्ट म्हणजे अरुंद रकान्यातले लांब शब्द. 'उत्पादकांकडूनच' असा शब्द फोनवर आला की आधीच्या ओळीत मोठी मोकळी जागा उरते. तो कुठे तोडायचा ते छापखान्यात मी डोळ्याने ठरवायचे. इथे सध्या शब्दाच्या आत न दिसणारं संयोगचिन्ह हाताने घालते, म्हणजे गरज पडली तरच शब्द तिथे तुटतो. 'उत्पादकां' आणि 'कडूनच' यांच्या मध्ये घातलं आहे. अशा शब्दांची वही केली आहे, कालपर्यंत त्यात छप्पन्न शब्द झाले.