पायकॅश: अडवा, हलवा की झाका?

भंवरकुआंला खोली घेऊन राहणारा भाचा परवा लॅपटॉप घेऊनच घरी आला. "मामा, पंधरा फायलींचा पायथन प्रोजेक्ट, पण फोल्डर उघडावं तिथे हे पायकॅश नावाचं आणखी एक फोल्डर! उडवलं की पुन्हा हजर." इंदूरचा पोरगा, ओला-सुका वेगळा करत वाढलेला, हात शिवशिवणारच.

पण हा केर नव्हे. इम्पोर्ट केलेल्या मॉड्यूलचा बाइटकोड, म्हणजे आपल्या कोडचं पायथनला चालवता येणारं रूप, पायथन तिथे ठेवतो. मग पुढच्या वेळी ते रूप नव्याने बनवणं, म्हणजे कंपाइल करणं, वाचतं. प्रोग्रॅम त्यामुळे वेगाने पळत नाही, फक्त लवकर सुरू होतो. २०११ साली पायथनची ३.२ आवृत्ती येण्याआधी बाइटकोडच्या या पीवायसी फायली मूळ फायलीशेजारीच पडायच्या. मूळ फाइल उडवली तरी जुनी पीवायसी इम्पोर्ट व्हायची, आणि आम्ही डोकं खाजवत बसायचो. आता पायकॅशमधल्या अशा पोरक्या फायलीकडे पायथन बघतही नाही.

पहिला उपाय अडवण्याचा. 'पायथनडोन्टराइटबाइटकोड' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो त्या सिस्टिममधल्या सेटिंगमध्ये) १ भरा, किंवा पायथन चालवताना कॅपिटल 'बी'चा पर्याय द्या. यात फक्त लिहिणं थांबतं, वाचणं नाही. पिप या पायथनच्या इन्स्टॉलरने बसवलेल्या लायब्रऱ्या बसवतानाच कंपाइल होतात, त्यांचा फायदा मिळत राहतो. तुमचा स्वतःचा कोड मात्र दरवेळी नव्याने कंपाइल होतो. पंधरा फायलींना ते कळणारही नाही. कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम बाकी मशीनपासून वेगळा डबाबंद करून चालवतो तिथे, मी हेच करतो. एकदा कंटेनरने रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून माझ्याच फोल्डरात पायकॅश लिहून ठेवले आणि मला ते सुडोशिवाय, म्हणजे रूटचे अधिकार घेतल्याशिवाय, पुसता येईनात, तेव्हापासून.

दुसरा हलवण्याचा, आणि मला जास्त आवडणारा. पायथन ३.८ पासून 'पायथनपायकॅशप्रीफिक्स' हे व्हेरिएबल आहे. त्यात एका फोल्डरचा पत्ता दिला की सगळा बाइटकोड तिकडे जातो. प्रोजेक्ट स्वच्छ राहतो आणि कॅशही मिळते. एक गोम आहे: मग पायथन जागच्या जागी असलेले पायकॅश वाचतच नाही, लायब्रऱ्यांचेसुद्धा. त्यामुळे पहिली सुरुवात रेंगाळते. घाबरू नका.

तिसरा झाकण्याचा: कोडचे बदल नोंदवणाऱ्या गिटने कशाकडे दुर्लक्ष करायचं, त्या गिटइग्नोअर यादीत पायकॅशची ओळ घालायची. हे नुसतं झाकणं. तरी ती ओळ हवीच, कारण टीममधल्या इतरांच्या मशीनवर तुमचं व्हेरिएबल नसतं. आधीच कमिट झालेल्या, म्हणजे गिटमध्ये नोंदल्या गेलेल्या, फायलींना ती ओळ लागू पडत नाही. त्या गिटमधून वेगळ्या काढाव्या लागतात.

रोज शोधून पुसणं? वेळ जास्त असेल तर करा.

भाच्याला मी प्रीफिक्स लावून दिला. जुने पायकॅश मात्र आपसूक जात नाहीत, ते त्याने तिथेच बसून एकदा पुसले.